बंदुकीचे पाहुणे

कुसुमबोडीची मनकर्णा सशाचं मटण खात नाही, हे पुढे आसपासच्या गावांत सगळ्यांना ठाऊक झालं. नवा सोयरा आला की हळूच विचारायचा, "बाईनं माळ घातली काय?" माळबिळ काही नव्हती. कोंबडी तिला चालायची, बोडीतले मासे तर ती काटा न काटा चोखून खायची. सशाचं नाव निघालं की मात्र तिचा चेहरा असा व्हायचा, जसं कोणी पाणी म्हणून नालीतला गाळ पुढे केला आहे.

लहानपणी असं नव्हतं. तिचं माहेर मोहर्लीकडच्या रानाला लागून. बाप मुखरू, हाडाचा शेतकरी. पीक घरात आलं की वर्षातून एकदा सारं गाव सशांच्या पारधीला निघायचं. वाघर म्हणजे सुतळीचं लांबलचक जाळं शेताच्या कडेकडेनं, धुऱ्याधुऱ्यानं बांधायचं, दुसरीकडून हाकारे घालायचे, गावची कुत्री सोडायची. जे हाती लागेल त्याचे घराघराला वाटे. पारधीला न आलेल्या म्हाताऱ्याला वाटा, विधवेला वाटा, आतडी कुत्र्यांना. दुसऱ्या दिवशी वाघर आढ्याला टांगली की वर्षभर तिकडे कोणी पाहायचं नाही. सशाचं कातडं घट्ट अंगरख्यासारखं एका ओढीत कसं उतरवायचं, हे मनकर्णा तिथंच शिकली. रक्ताला ती कधीच भ्याली नाही.

कुसुमबोडीत नानाजीच्या घरी ती नांदायला आली, तेव्हा नानाजी म्हणजे अगदी गायीसारखा माणूस. कोणी दोन शब्द जोरानं बोललं तर मान खाली घालायचा. पण धानाच्या बांधीत, भातखाचरात त्याचा हात चांगला, बैलांवर जीव, आणि बायकोला कधी अगंतुगंपलीकडचा शब्द नाही. मनकर्णेला त्याचा भित्रेपणा ठाऊक होता, पण तो तिला खुपला नव्हता. घाबरट माणूस कोणाचं वाईट करत नाही, असं तिला तेव्हा वाटायचं.

मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, सुटली, तशी मालगुजाराची बंदूकही गावातून गेली. रानडुकरांना जणू निरोपच पोचला. कळपच्या कळप ज्वारीत शिरू लागले. एक रात्र आणि उभं पीक भुईसपाट. मग कोणीतरी सांगितलं की पीक राखायला सरकार बंदुकीचा परवाना देते. नानाजीनं अर्ज केला, पटवाऱ्यानं चांगलं लिहून दिलं, आणि एके दिवशी नानाजी ठासणीची बंदूक खांद्यावर टाकून घरी आला. मनकर्णेनं हौसेनं बंदुकीला कुंकू लावलं. "आता डुकराईची काही खैर नाई," ती म्हणाली.

त्या बंदुकीनं डुक्कर एकही मेलं नाही. डुकरावर बार टाकायला छाती लागते. नानाजीनं पहिला बार सशावर टाकला, धुऱ्यावर कान उभारून बसलेल्या. तो ससा त्यानं पटवाऱ्याला नेऊन दिला, परवान्याच्या उपकाराखातर. पटवाऱ्यानं तो चौकीवरच्या पोलीस जमादाराला खाऊ घातला. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून नानाजीच्याच दारात.

"नानाजीभाऊ, घरचीच मंडळी समजा आमाले," जमादार बाजेवर पसरत म्हणाला. "वैनीच्या हातचं खाऊ म्हटलं."

नानाजीच्या अंगणात आजवर कोणी वर्दीवाला बसला नव्हता. त्याचा चेहरा असा फुलला की मनकर्णेलाही बरं वाटलं. तिनं जीव लावून सैपाक केला. खोबरं भाजलं, जवस भाजला, हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, पाट्यावर रगडला. पाहुणे बोटं चाटत जेवले.

ती जी रीत पडली ती पडलीच. दर आठ-पंधरा दिवसांनी पटवारी, जमादार, आणि त्यांच्यासोबत कोणी ना कोणी नवा. सोबत जमादाराचे दोन शिकारी कुत्रे, लांब तोंडाचे, फासळ्या मोजून घ्याव्यात असे. शिकारीच्या आदल्या दिवशी त्यांना मुद्दाम उपाशी ठेवत. ते अंगणभर हुंगत फिरायचे, तुळशीच्या ओट्यावर पाय वर करायचे. मारलेले ससे मागच्या पायांना दोरी बांधून वलनीवर लटकवायचे, जिथं मनकर्णेची लुगडी वाळत असत. ससा थंड पडू लागला की त्याच्या अंगातल्या पिसवा बाहेर पडायच्या आणि खालच्या कापडांत शिरायच्या. तितर, लावे, एकदा तर घोरपडही त्याच वलनीवर.

आणि खाणं! खाणं तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. भुकेलेला माणूस घास घेतो त्यात पाहणाऱ्यालाही सुख असतं. हे लोक भुकेले नव्हते. पटवारी हाड चोखताना डोळे मिटायचा आणि तोंडानं असा आवाज काढायचा, जशी चिखलातून म्हैस पाय उपसते. जेवून उठला की भिंतीला बोटं पुसायचा. तिनं दिवाळीला पांढऱ्या मातीनं सारवलेली भिंत, आणि तिच्यावर कमरेच्या उंचीवर पिवळ्या तेलकट बोटांचे ओघळ. ती सारवायची, तो पुन्हा पुसायचा. जमादार चूळ भरून जागच्या जागी अंगणात थुंकायचा. अर्धं मटण पानात टाकून उठायचे, आणि उठता उठता विचारायचे, "पुढच्या बजाराले तितर होईन काय?"

पण पाहुण्यांपेक्षा जास्त तिला नवऱ्याकडे पाहवेना. नानाजी बदलला होता. तो आता जमादारासारखा हसायचा, घशातून, हुक्क हुक्क करून. बोडीपलीकडच्या गोंडांच्या टोल्यावरच्या, वस्तीवरच्या माणसांशी मोठ्यानं बोलायचा. धान कापायला आलं तरी हा घरापुढच्या छपरीत बसून बंदुकीची नळी पुसतोय, आणि तिकडे डुकरं ज्वारी खाताहेत. एकदा तिनं म्हटलंच, "अजी, बंदूक कायले आनली होती? पिकासाठी का पाव्हन्यासाठी?"

"तुले काय समजते त्यातलं," तो म्हणाला. "मोठ्या लोकाईची वळख लागते मानसाले."

पुढच्या पावसाळ्यात एकदा जमादाराचे बूट चिखलानं भरले. मनकर्णा दारात उभी होती. नानाजीनं इकडेतिकडे पाहिलं, फडकं दिसलं नाही, तर गळ्यातला आपला धुतलेला दुपट्टा काढला, खाली उकिडवा बसला आणि जमादाराच्या पायातच बूट पुसू लागला. जमादारानं "राहू दे, राहू दे" म्हटलं आणि दुसरा पाय पुढे केला. मनकर्णा घरामागच्या सांदवाडीत जाऊन ओकली. त्या दिवसापासून सशाचा घास तिच्या घशाखाली उतरला नाही. शिजवायची मात्र, कारण घर नवऱ्याचं, चूल नवऱ्याची, असं तिला शिकवलेलं होतं.

असे दोन-तीन हंगाम गेले. मग त्या फागुनात वरोऱ्याकडून जमादाराचा कोणी साहेब पाहुणा आला. कुठला साहेब ते त्यानं सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. अंगात खाकी, हातात दोन नळ्यांची नवी बंदूक. सकाळीच हाका करायचं ठरलं. नानाजी बोडीपलीकडच्या गोंडटोल्यावर माणसं बोलवायला गेला. मनकर्णा टोल्याशेजारच्याच आपल्या वावरात हरभरा उपटायला निघाली होती, म्हणून तिच्या कानावर सारं पडलं.

टोल्यावर इतवारी राहायचा. पोक्त माणूस, नानाजीच्या बांधीत कितीदा राबलेला. त्या सकाळी तो टोपली घेऊन मोहाखाली निघाला होता.

"इतवारी, टोपली ठेव. सायेब आले, हाक्याले चाल," नानाजी दुरूनच ओरडला.

"मोहा गळून राह्यला जी. आज नाई वेचला तं ढोरं खाईन. मंग पोरं काय खाईन?"

"उद्या वेच. जमादारसायबानं बोलावलं म्हनून सांगतलं ना तुले?"

जमादाराचं नाव आलं तशी इतवारीनं टोपली खाली ठेवली. टोल्यावरची आणखी चार माणसं त्याच्यामागे निघाली. बोडीच्या काठाशी आल्यावर कळलं की साहेबाला वेळ थोडा आहे, आरडाओरडा करत ससे उठवत बसायला नको, गवताला आग लावायची. एका बाजूनं आग, दुसऱ्या बाजूला बंदुका आणि कुत्री.

"थे गवत नोका जाळू जी," इतवारी हात जोडून पुढे आला. "आमच्या छपराचं होय थे. कापाचंच बाकी हाये."

"रान सरकारचं, तुझ्या बापाचं काय?" जमादार म्हणाला. नानाजी हुक्क हुक्क करून हसला. काडी त्यानंच लावली.

हरभऱ्याच्या वावरातून मनकर्णा पाहत होती. वाळलेलं गवत कडकडत पेटलं. पाखरं ओरडत उठली. धुरातून ससे सुटले, एक, दोन, मग किती ते कळेना. बार झाले. उपाशी कुत्री सुटली. एक ससा सरळ तिच्या वावरात आला आणि हरभऱ्याच्या ओळीत, तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर अंग चोरून बसला. पाठीवरचे केस होरपळलेले, पोट लोहाराच्या भात्यासारखं उडत होतं. तिनं ओच्यातला हरभरा खाली टाकला, लुगड्याचा पदर त्याच्यावर घालावा म्हणून वाकली, तेवढ्यात दोन्ही कुत्री आली. एकानं मान धरली, एकानं मागचा पाय. दोघांनी आपापल्या बाजूला ओढलं. त्या ओढाताणीत जे झालं ते तिनं पुढे कोणालाही तोंडानं सांगितलं नाही.

ती डोळे पुसून उभी राहिली तेव्हा साहेब बांधावर बंदूक रोखून उभा होता. एक ससा आगीकडून वळून हाकाऱ्यांच्या दिशेनं पळाला. साहेबाची बंदूकही त्याच्यामागे वळत गेली. "मारू नोका, मानसं हायेत तिकडं!" मनकर्णा ओरडली. बार झाला. ससा निघून गेला. इतवारी मांडी धरून खाली बसला.

सगळे धावले. गुडघ्याच्या वर छर्ऱ्यांनी मांडीची चाळणी झाली होती. इतवारी ओरडत नव्हता, नुसता दात खाऊन हूं हूं करत होता. साहेबाचा चेहरा पांढरा पडला. तो जमादाराकडे पाहू लागला. जमादारानं नानाजीला बाजूला घेतलं. मनकर्णा तोवर तिथं पोचली होती, तिनं ऐकलं.

"नानाजीभाऊ, सायबाच्या नोकरीचा प्रश्न हाये. तू म्हन, तुझ्या हातून बार सुटला. परवाना तुझ्या नावचा, गाव तुझं. बाकी आमी पाहून घेतो."

तिला वाटलं, आता हा निदान भिऊन तरी नाही म्हणेल. नानाजीनं छाती पुढे काढली. "माझाच बार, सायेब," तो म्हणाला. "माझ्याच हातून झालं." नवरा खोटं बोलला याचं तिला एवढं वाटलं नाही. भ्यालेला माणूस बोलतो खोटं. पण हा खोटं बोलताना खूश होता. वरात निघालेल्या नवरदेवासारखा त्याचा चेहरा खुलला होता. जणू साहेबानं आपल्याजवळ काही मोलाचं ठेवायला दिलं.

इतवारीला उचलून मनकर्णेच्या अंगणात आणलं, बाजेवर निजवलं. त्याची बायको बुधरी रडत मागोमाग आली. तिच्यामागे पाहुणेही आले, आणि ससेही. साहेबाच्या चेहऱ्यावर आता थोडा रंग आला होता. त्यानं पाणी मागितलं, प्यायला, आणि विचारलं, "एकूण ससे किती झाले?"

मनकर्णेनं चूल पेटवली. जखम धुवायला पाण्याचं गंज, मोठं पातेलं, चढवलं, त्यात हळद टाकली, जुनं धोतर फाडून पट्ट्या केल्या. अंगणात ती पट्ट्या घेऊन गेली नि परत आली, तर पाण्याचं गंज खाली आणि चुलीवर मटणाची हंडी. नानाजी कापलेले तुकडे हंडीत टाकत होता.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"सायबाले जाची घाई हाये. पयले त्याईचं होऊ दे. पानी मंग तपव."

बाहेरून जमादाराचा आवाज आला, "वैनी, तिखट जरा झणझणीत टाका!" आणि त्याच दमात इतवारीचं हूं हूं.

मनकर्णेनं हंडी उचलली. परातीतलं उरलेलं कच्चं मटणही हंडीत लोटलं. अंगणात येऊन मधोमध उभी राहिली आणि सगळं कुत्र्यांपुढे ओतलं.

"खा रे," ती कुत्र्यांना म्हणाली. "तुमी तं उपाशी तरी होते."

कुत्री तुटून पडली. पटवारी अर्धवट उठला नि तसाच राहिला. मनकर्णा साहेबाच्या अगदी समोर गेली. "बार तुमचा होय. म्या पायला. आता चालते व्हा माझ्या आंगनातून."

नानाजीनं सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तिला मार लागला नाही, त्याच्या हाताचा कच्च्या मांसाचा चिकट ओलावा लागला. पदरानं गाल खसाखसा पुसला आणि ती आत गेली, पाण्याचं गंज चुलीवर चढवायला. साहेब आणि जमादार निघून गेले. पटवारी कुत्र्यांना ओढत मागोमाग. जमादारानं जाताजाता फाटकाशी उरलेले दोन ससे मात्र उचलले.

जखम बांधून तिनं स्वतः बैलबंडी जुंपली. नानाजी छपरीत बसून राहिला. बुधरीच्या मांडीवर इतवारीचं डोकं, खाली तणशीचा, धानाच्या पेंढ्याचा बिछाना, अशी ती वरोऱ्याला गेली. दवाखान्यात डॉक्टरनं बरेच छर्रे काढले. काही हाडाशी रुतले होते ते तसेच राहिले. चौकशी झाली ती जमादारानंच केली. मनकर्णेनं जे पाहिलं ते सांगितलं. जमादार म्हणाला, बाईमाणूस धुरात काय पाहणार. नानाजीनं आपलं म्हणणं धरून ठेवलं. आणि इतवारीनंही तेच सांगितलं, नानाजीभाऊच्या हातून बार सुटला.

ती दवाखान्याच्या ओट्यावर त्याच्यापाशी बसली. "इतवारीभाऊ, तुमी काऊन असं सांगतलं? तुमाले तं माहीत हाये."

इतवारीनं मांडीवरची पट्टी सारखी केली. मग म्हणाला, "बाई, सायेब आज हाये, उद्या नाई. जमादार आमच्या छातीवर रोज हाये."

तिला त्याचा राग आला नाही. किळस आली ती वेगळ्याचीच. सगळ्यांना ठाऊक, आणि सगळ्यांचं बिनबोभाट चाललेलं.

बंदूक थोडे दिवस चौकीत राहिली आणि जमादारानंच ती परत मिळवून दिली. त्याला ससे हवे होते. टोल्याला मात्र गवत मिळालं नाही. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मनकर्णेनं नानाजीला न विचारता आपल्या खळ्यातली सगळी तणस बंडीत भरली आणि टोल्यावर नेऊन ओतली. नानाजी म्हणाला, "बैल काय खाईन?" ती म्हणाली, "बंदूक चारा त्याईले."

पाहुणे पुन्हा आले. मनकर्णेनं भांडण केलं नाही. फक्त पाट्याशी बसली नाही. नानाजीनं स्वतः वाटलं, स्वतः शिजवलं. मटण कच्चं, तिखट कडू, वर करपट वास. पुढच्या खेपेला पटवारी आला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला जमादार बाजेवर बसला, चुलीकडे पाहिलं, आणि काम आठवलं म्हणून उठला. नानाजीला वाटत होतं की ही माणसं त्याच्या नेमासाठी, त्याच्या ओळखीसाठी येतात. ती माणसं पाट्यावरच्या सांबारासाठी येत होती. वर्षभरात पलीकडच्या गावात आणखी एकाला परवाना मिळाला, त्याची बायको म्हणे सैपाकात तरबेज. मनकर्णेला त्या न पाहिलेल्या बाईची फार दया यायची.

पीक राखायला ती स्वतः मचाणावर जाऊ लागली. रॉकेलचा रिकामा डबा आणि एक दांडकं. शेजारच्या मचाणावर इतवारी लंगडत चढायचा. तो तिकडून आरोळी द्यायचा, ती इकडून डबा बडवायची. डुकरं सगळी गेली नाहीत, पण बंदुकीच्या काळापेक्षा पीक जास्त घरी आलं. नानाजी छपरीत बसायचा. गावात आता त्याला कोणी भीत नव्हतं, आणि पूर्वीसारखी माया करणारंही कोणी उरलं नव्हतं. बायको त्याचं सगळं करायची. वेळेवर भाकर, ताप आला तर काढा. पण ताट ठेवताना ती तोंड दुसरीकडे करायची आणि त्याच्या घोंगडीला हात लागला तर हात झटकायची. त्याला ते दिसायचं.

दोन-तीन वर्षांनी एका सकाळी नानाजी एकटाच बंदूक घेऊन गेला आणि दुपारी एक ससा घेऊन आला. वलनीवर टांगला नाही. नालीवर बसून साफ केला, पळसाच्या पानात बांधला आणि मनकर्णेसमोर ठेवला. "तुयासाठी आनला," तो म्हणाला.

तिनं पानाकडे पाहिलंच नाही. "मले नोको. इतवारीभाऊच्या घरी नेऊन द्या."

तो गेला. बऱ्याच वेळानं परत आला, तर पान हातात तसंच.

"काऊन? नाई घेतला?"

"बुधरी म्हने, बाईनं पाठवला असन तं ठेव, तू देत असन तं ने." नानाजी खाली पाहत होता. "म्या सांगतलं, मीच देऊन राह्यलो."

मनकर्णेनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नावावर तो ससा सहज खपला असता.

"मंग सांदवाडीत पुरा त्याले," ती म्हणाली. "कुत्रे उकरतीन, खोल खंदा."

नानाजीनं कुदळ घेतली. जमीन कडक होती, त्याला धाप लागत होती. ती दारात उभी राहून पाहत राहिली. मदतीला गेली नाही, आतही गेली नाही. खड्डा बुजवून त्यानं माती पायानं दाबली तेव्हा ती वळली, आणि दिवस कलायला आला होता म्हणून भाताचं आधण चुलीवर ठेवायला गेली.